तासिकेवर रुजू होण्याआधी

सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, निघाली की पहिला प्रश्न पगाराचा. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं उत्तर सोपं आहे: सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पण तिथवर पोचायच्या आधी आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येते सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. तास झाला तर पैसे, नाहीतर नाही. दिवाळी, उन्हाळा बिनपगारी. त्यात बिल मंजूर होऊन खात्यावर पैसे पडेपर्यंत महिने जातात. म्हणून रुजू होण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या सीएचबीवाल्याला टपरीवर चहा पाजा आणि एवढंच विचारा, "सर, मागचं बिल कधी निघालं?"

मी अर्थशास्त्र शिकवतो. सुरुवातीची वर्षं दोन तालुक्यांतल्या दोन कॉलेजांत गेली. सकाळचे तास एकीकडे, मग एसटी, दुपारचे दुसरीकडे. लोकांना वाटतं, अशा धावपळीत शिकवणं बिघडत असेल. ४८ मिनिटांच्या तासात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते घंटा झाल्यावर. मागणीची लवचिकता शिकवून डस्टर ठेवावा, तर मागच्या बाकावरची मुलगी वही घेऊन टेबलापाशी येते. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं इथेच विचारतात. आणि आपला डोळा घड्याळावर, कारण एसटी चुकली तर पुढचा तास बुडाला, म्हणजे पैसे बुडाले. दोनदा "उद्या बघू" ऐकलं की ती पुन्हा येत नाही. कुठल्याच फीडबॅक फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

पूर्णवेळ झालं की सुटलो, असंही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. ऐकायला कमी वाटतं. त्यावर प्रवेश समिती, सुपरव्हिजन, पेपर तपासणी आणि कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली. झालेल्या कार्यक्रमाचे फोटो, हजेरीपत्रक, अहवाल गोळा करण्यात जितका वेळ जातो, तितका त्या कार्यक्रमाला गेलेला नसतो. (कार्यक्रमच फोटोसाठी होतात, असं स्टाफरूममध्ये हळू आवाजात बोललं जातं.) नवीन माणूस नाही म्हणत नाही, म्हणून फाईल त्याच्याच टेबलावर येते. पहिल्या वर्षी एकच समिती घ्या, पण नीट सांभाळा.

घसा जपा. शंभराच्या वर्गात माइक नसेल तर मागून घ्या. लाजू नका, बसलेला आवाज घेऊन पुढचे तास तुम्हालाच घ्यायचे असतात.

नेमणुकीचा आदेश आणि विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र दरवर्षी वेळेवर हातात घ्या. पुढे अनुभव मोजताना तोंडी काही चालत नाही.

आणि टाइमटेबल ठरत असतानाच सांगून ठेवा की अवघड पेपरच्या तासानंतर एक तास मोकळा हवा. घंटेनंतर टेबलापाशी येणाऱ्यांसाठी. एकदा नोटीस बोर्डावर लागलं की वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही.