पोच घेतली का? गावात पर्यावरणाचं काम करताना या चुका टाळा

गेली अठरा वर्षं मी कोकणातल्या गावांत संघटनेचं काम करते आहे. सडे म्हणजे जांभ्या कातळाची पठारं, खाणी, खाडीतलं सांडपाणी, तोडलेली कांदळवनं. दर दोन-तीन वर्षांनी नवी मुलं येतात, उत्साहाने येतात, आणि त्याच चुका पुन्हा करतात. यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत. काहींची किंमत आम्ही नाही, गावाने मोजली.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगते. जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं नोंदवून घेणारी सरकारी सभा, उधळून लावणं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावर खाणीचा प्रस्ताव होता. तीन महिने आम्ही तयारी केली. तयारी म्हणजे काय, तर फलक रंगवले, घोषणा बसवल्या, ढोल ठरवले. सुनावणीच्या दिवशी मंडप भरला. खाणवाल्यांचं सादरीकरण सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, ठरल्याप्रमाणे आम्ही उठलो, घोषणा दिल्या आणि सगळ्या गावाला घेऊन बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दीड महिन्याने माहिती अधिकारात इतिवृत्त हातात आलं. आम्ही बाहेर पडल्यावर सुनावणी चालूच राहिली होती. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. मंडपात चार माणसं उरली तरी ती कायदेशीर होते. आमच्यामागे चौदा जण बोलले, त्यातले अकरा प्रकल्पाच्या बाजूने. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा उपस्थितांना मराठीत समजावून सांगावा लागतो, तोही सांगितला गेला. रिकाम्या खुर्च्यांना. सड्याखालच्या झऱ्यांबद्दल त्या कागदांत एक ओळ नव्हती.

मला त्या दिवशीची एक काकी आठवते. तिच्या वाडीची विहीर बरोबर सड्याच्या पायथ्याशी. तिने बोलायला नाव दिलं होतं, पुढच्या रांगेत बसली होती. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. मंडपाबाहेर ती मला म्हणाली, "ताई, माझं बोलायचं राहिलं गो." तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही.

पावसाळ्यात जांभ्याचा सडा पाणी पितो आणि उन्हाळाभर पायथ्याच्या झऱ्यांतून, विहिरींतून ते थोडं थोडं सोडतो. हे काकीला पन्नास वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. कुठल्या महिन्यात विहिरीचा कितवा पाथर उघडा पडतो हे ती सांगू शकत होती. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्यांकडे ती माहिती नव्हती, आणि ती नोंदवून घ्यायची अधिकृत जागा म्हणजे ती सुनावणी. तिथून आम्ही तिला उठवलं.

आता माझी पद्धत अशी आहे. नोटीस निघाली की सुनावणीपर्यंत किमान तीस दिवस मिळतात. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात ठेवलेला असतो. पहिल्या आठवड्यात तो आणून वाडीवाडीत मोठ्याने वाचायचा. पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो. त्यातलं पाण्याचं आणि जमीनवापराचं प्रकरण तरी कुणाकडून वाचून घ्यायचं. सारांशात "पडीक खडकाळ जमीन" लिहिलेल्या जागी बहुतेक वेळा गावाचं गवत, गुरांची चरण आणि पावसाळ्यातली नाचणी असते. कधीकधी कातळशिल्पंही असतात. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी काही सारांशांमधल्या सड्यावर नुसता दगडच दिसतो.

मग संध्याकाळी आठवी-नववीतली मुलं घेऊन बसायचं. आजी सांगणार, नात लिहिणार. प्रत्येक घराची हरकत वेगळी. गट नंबर, विहीर कुठे, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत, आंब्या-काजूची कलमं किती, गुरं किती. एकच मजकूर झेरॉक्स करून त्यावर तीनशे सह्या घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. तीनशे सारख्या कागदांचा सरकारी टिप्पणीत एकच मुद्दा होतो. चाळीस वेगवेगळ्या कागदांना चाळीस उत्तरं द्यावी लागतात.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. "साहेब ओळखीचे आहेत, ठेवून घेतलाय त्यांनी," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कार्यकर्ता दारातून आत आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोच घेतली का?

आणि शेवटपर्यंत बसायचं. गोषवारा वाचला जाईल तेव्हा जो मुद्दा सुटला असेल तो तिथेच उभं राहून सांगायचा, कारण जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी त्याच दिवशी त्यावर सही करतात. मंडळ चित्रीकरण करतंच. आपलंही करायचं. राग असतो, मलाही येतो. घोषणा मंडपाबाहेर द्या, आधी द्या, नंतर द्या. आत बोला.

दुसरी चूक कोकणात नव्याने काम करणारा हमखास करतो. तो गावात जातो, पण मुंबईला जात नाही.

गावात बारा महिने राहणारी माणसं म्हणजे वयस्कर, बायका आणि शाळकरी मुलं. सातबाऱ्यावरची निम्मी नावं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीत. देवळाचा जीर्णोद्धार असो की पाण्याची टाकी, गावाचा मोठा निर्णय मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या, बैठकीत पक्का होतो. हे ज्याला माहीत नाही त्याने ग्रामसभेचा ठराव करून घेतला म्हणून निर्धास्त होऊ नये.

आम्ही झालो होतो. एका गावात आठ महिने काम केलं, ग्रामसभेत एकमताने विरोधाचा ठराव झाला, पेढे वाटले. एप्रिलमध्ये कळलं की सड्यावरच्या मोठ्या तुकड्याची साठेखतं, म्हणजे विक्रीचे करार, आधीच झाली आहेत. जमीन सामाईक, चुलत्या-पुतण्यांची, एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. दलाल मुंबईत मंडळाच्या बैठकीला दोनदा जाऊन आला होता. शाळेच्या एका वर्गात बैठक भरायची, तिथे त्याने कातळाचा भाव सांगितला होता. ज्या कातळावर काहीच पिकत नाही त्याचे पैसे मिळतायत, तर कोण नाही म्हणेल? मी मंडळाचे सेक्रेटरी अण्णा यांना भेटले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गावात आठ महिने होतात म्हणता. आमच्याकडे एकदाही आला नाहीत. तो आला." त्यांची आई त्याच सड्याखालच्या झऱ्याचं पाणी पीत होती. दोन गोष्टींचा संबंध त्यांना कुणी जोडून दाखवला नव्हता.

तेव्हापासून गावातली पहिली बैठक बोलावण्याआधी मी मंडळाच्या बैठकीला जाते. सोबत सातबाऱ्यांची यादी असते, कोण कुणाचा चुलता हे लिहिलेलं. गणपतीत आणि शिमग्यात सभा ठेवत नाही. माणसं सणाला आलेली असतात, आपण आरतीला, भजनाला जायचं, चहा घ्यायचा, ओळख करायची. बोलणी मे महिन्यात, सुट्टीला सगळे आल्यावर. यात वर्ष जातं. नव्या मुलांना हे पटत नाही, त्यांना पंधरा दिवसांत आंदोलन हवं असतं. ज्यांना वर्षभर भजनाला बसणं जमत नाही त्यांनी गावाच्या जमिनीवर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्या बैठका एकाच वाडीतल्या देवळात घेऊ नका. देवळाच्या पायरीवर मान कुणाचा, मागे उभं कोण राहतं, हे प्रत्येक गावात ठरलेलं असतं, आणि बौद्धवाडी तिथे येत नाही. नंतर "ते आपल्याबरोबर नाहीत" म्हणायला आपण मोकळे. शाळेत घ्या, किंवा प्रत्येक वाडीत वेगळी घ्या.

लावणीच्या दिवसांत बैठक नको. बायकांना यायचं असेल तर रात्री भाकऱ्या उरकल्यावरच, आणि त्यांच्याच अंगणात. महिला ग्रामसभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. पाण्याचे प्रश्न मी त्यातच मांडते. पुरुषांसमोर गप्प बसणाऱ्या वहिनी तिथे तासभर बोलतात.

ग्रामसभेचा ठराव नुसता "विरोध आहे" असा लिहू नका, कारणं लिहा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. उपस्थितीच्या सह्या त्याच दिवशी पूर्ण करा आणि प्रोसिडिंगची प्रमाणित नक्कल आठवड्याच्या आत मागा. उशीर केला की वही "ऑडिटला गेली" असं उत्तर मिळतं.

कोऱ्या कागदावर सह्या घेऊ नका. एकदा घेतल्या की त्या गावात परत तोंड दाखवू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. तीन पानी निबंध पाठवून महिना घालवणारे खूप पाहिले.

नदीत मासे मेले की मुलं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरतात आणि तीन दिवसांनी मला आणून देतात. त्याचा उपयोग शून्य. विरघळलेला प्राणवायू तासातासाला बदलतो, त्याची तपासणी नदीकाठीच सुरू करावी लागते. ताबडतोब प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला फोन करा, लेखी तक्रार पाठवा, पंचांसमोर नमुना घ्यायला लावा, पंचनाम्याची प्रत मागा. तोपर्यंत तुमचं काम एवढंच: वेळ, भरती होती की ओहोटी, रंग, वास, कुठली मासळी, फोटो. मेलेली मासळी कुणी खाऊ नये हे वाडीत सांगा.

"प्रकल्प रद्द करून देतो" हे वचन कुणालाही देऊ नका. देणारे आपण कोण?

ज्याचा मुलगा खाणीवर डंपर चालवतो त्याला गद्दार म्हणू नका. त्याच्या घरी जा. त्या विहिरीवर त्याचंही घर पाणी भरतं.

गावाने दिलेल्या दहा रुपयांचीही पावती फाडा आणि हिशेब महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लिहा. मी चांगल्या चाललेल्या दोन समित्या फुटताना पाहिल्या, दोन्ही जीपच्या भाड्यावरून.

आणि मुदती. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे अपील तीस दिवसांत करावं लागतं. सबळ कारण असेल तर लवाद आणखी साठ दिवसांपर्यंत सूट देऊ शकतो, त्यापुढे दार बंद. मंजुरी निघाल्याचं गावाला कुणी घरी येऊन सांगत नाही. म्हणून परिवेश पोर्टल, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्यांची सरकारी वेबसाइट, पाहायची जबाबदारी एका माणसाची हवी, समितीची नको. एका गावात हे काम बारावीतली एक मुलगी करते. दर सोमवारी कॉलेज सुटलं की फोनवर बघते, वहीत तारीख टाकते, आणि काही नसेल तर "काही नाही" असंही लिहिते.