नवा घोडा घरी आल्यावर: आधी हात, मग खरारा

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे तापीकाठी घेतलेलं जनावर चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या आमच्या सत्तरीत पोचतं, तेव्हा त्याच्या अंगात लांबच्या प्रवासाचा शीण असतो, सोबतचे घोडे मागे राहिलेले असतात, हवा बदललेली असते आणि समोर सगळी अनोळखी माणसं. आमची रेवा अशीच आली. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कपाळावर चांदणी असलेली मारवाडी घोडी. आमच्याकडे घोडे आधीपासून आहेत, पण नवं जनावर कसं रुळवायचं असं कुणी विचारलं की मी तिचंच उदाहरण देते. ती फार बुजरी होती आणि प्रत्येक गोष्ट तिने मला सावकाश करायला लावली.

सुरुवात माणसांपासून करते. आमच्या भागात शिगम्याला घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे गडी इथे सगळ्यांनी पाहिलेले असतात. खरा घोडा दारात आला की मात्र अख्खा वाडा जमतो. पोरं हात लावायला धावतात, बायका आरतीचं ताट घेऊन येतात. प्रेमानेच येतात. तरी त्या दिवशी सगळ्यांना कुंपणाबाहेर थांबवा. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, दृष्ट काढा, पण इथूनच. कुंकू नंतर सावकाश लावू." त्यांनी ऐकलं, आणि त्यांनीच मग शेजारणींना मागे ठेवलं. हलती ज्योत, धुपाचा वास आणि डोक्यावर उगारलेला हात हे भेदरलेल्या घोड्याला एकाच वेळी नको.

उतरवल्यावर स्वच्छ पाणी द्या आणि गवत जमिनीवर टाका. जमिनीवरच, कारण ट्रकमध्ये डोकं वर बांधून आणलेल्या घोड्याच्या श्वासनळीतला चिकटा बाहेर निथळत नाही आणि त्यातून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. मान खाली घालून चरलं की ती वाट मोकळी होते. याच भीतीने पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. त्यावर गेला तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजायलाही शिका. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 ठोके असते. हा आकडा पुढे खराऱ्याच्या वेळी उपयोगी पडतो.

खाण्याचं थोडक्यात. विकणाऱ्याकडून त्याच्या रोजच्या खाद्याचं एखादं पोतं मागून आणा आणि बदल 7 ते 10 दिवसांत हळूहळू करा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडलेलं पोटशूळावर जातं. आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक, म्हणून कडब्याच्या जागी तो एकदम भरू नका. इतर घोड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, पण ते नजरेला पडतील असं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद पाहूनच व्यवहार करा, धनुर्वाताची लस राहिली असेल तर टोचून घ्या. घरी दुसरा घोडा नसेल तर शेळी ठेवा. एकटा घोडा सैरभैर होतो.

आता मूळ विषय. पहिल्या दिवशी खरारा, म्हणजे अंग घासायचा दातेरी ब्रश, हातात घेऊच नका. मी रेवाच्या कुंपणाशी पाटावर बसून भाजी निवडायचे, तिच्याकडे न बघता. ती स्वतःहून जवळ येऊन हुंगून गेली, त्यानंतरच मी उठले. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळासमोरची आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. म्हणून जाताना खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत जायचं. नाकावरून हात फिरवायची ओढ सगळ्यांना असते, तिला आवर घाला.

पहिला स्पर्श मानेच्या मुळाशी, आयाळ जिथे संपते तिथे. सोबतीचे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते याच जागी. तिथे बोटांनी जरा जोरात खाजवलं की घोड्याची नाडी उतरते, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. जबड्याखाली बोटं ठेवू देईल तेव्हा तुम्हीही मोजून बघा. थोपटू मात्र नका. घोड्यांमध्ये थोपटणं नसतंच.

हात कधी काढायचा, यावर माझा सगळा भर आहे. खाजवताना वरचा ओठ लांब होऊन हलायला लागला, मान खाली आली, कान सैलावले, की हात काढून एक पाऊल मागे जा. बरं वाटत असतानाच थांबलात तर पुढच्या वेळी तो तुमची वाट बघतो. उलट हनुवटी घट्ट झाली, नाकपुड्या फुगल्या, शेपूट आत दाबली, तर तुम्ही त्याला पेलवेल त्यापुढे गेलात. अशा वेळी हात झटकन काढू नका, मान किंवा खांद्यापाशी परत आणा, तो एक श्वास सोडेल तेवढा थांबा, मग काढा. अंगाची कातडी माशी बसली तरी थरथरवणारं हे जनावर आहे. तुमच्या बोटांतली घाई त्याला लगेच कळते.

बाजारात खराऱ्याचा लोखंडी दातेरी पत्रा मिळतो, तो ब्रश झाडायला ठेवा. अंगावर रबरी खरारा, त्यानंतर जाड केसांचा ब्रश, मग मऊ. रबरी खरारा गोल-गोल फिरवायचा आणि फक्त मांसल भागावर: मान, खांदा, पुठ्ठा म्हणजे मागचा ढुंगणाचा भाग. पाठीचा कणा, गुडघ्याखालचे पाय आणि तोंड यांना तो लावू नये, तिथे मऊ ब्रश किंवा ओला फडका. डावी बाजू झाली की उजवी करा. बहुतेक घोड्यांना डावीकडूनच हाताळलेलं असतं, उजवीकडून तुम्ही त्यांना पुन्हा नवे असता. पोट आणि कूस गुदगुल्यांची जागा. तिथे हलका हात घोड्याला जास्त त्रास देतो, तळवा सपाट टेकवून ठेवा. शेपूट विंचरताना बाजूला उभं राहा, एक हात पुठ्ठ्यावर असू द्या. गुंता झाला असेल तर खोबरेल तेल लावून बोटांनी सोडवा.

कानांचं वेगळं सांगायला हवं. मारवाडी घोड्याचे आत वळलेले, टोकं जुळणारे कान बघून प्रत्येकाला ते धरावेसे वाटतात. पण काही ठिकाणी घोडा आवरायला कान पिळतात, आणि असा घोडा डोक्याजवळ हात आला की उसळतो. रेवा उसळायची. मी मानेवरून वर सरकत कानाच्या मुळापाशी यायचे आणि तिने मान उचलायच्या आधी खाली परतायचे. बरेच दिवस एवढंच. म्होरकी, म्हणजे तोंडावर बांधायची दोरी-पट्टी, चढवतानासुद्धा कानावरून ओढायची नाही. गालाचा पट्टा पूर्ण सोडून मानेमागून बांधायची.

खुरांसाठी उलट्या हाताने पाय वरून खाली चोळत जा. त्याने वजन दुसऱ्या पायावर टाकलं की पाय अगदी थोडा उचला आणि तो हिसका देण्याआधी तुम्हीच खाली टेकवा. आमचे नालबंद काका म्हणतात, "वहिनी, पाय त्याने दिला पाहिजे, आपण घ्यायचा नाही." ते येण्याआधी चारही पाय द्यायची सवय झालेली बरी.

आणि सकाळी खरारा करताना कुशीवर शेणाचा डाग किंवा आयाळीत गवताची काडी आहे का बघा. नवा घोडा सुरुवातीला उभ्यानेच डुलक्या काढतो. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि धोका वाटत असेल तर तो आडवा होत नाही. अंगाला लागलेली ती घाण म्हणजे रात्री तो निर्धास्त झोपला. मला ती दिसली त्या दिवशी मी घरात ओरडून सगळ्यांना सांगितलं.

अंग हाताळू देऊ लागला की बाहेरच्या गोष्टी. आमच्याकडे पहिला पेपर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. पहाटे सायकल, मागे पावांची मोठी टोपली, वर भोंग्याचा पोंव पोंव. घोडा कान टवकारून बघेल, पण गवतही खात राहील, इतक्या अंतरावर त्याला ठेवा. खाणं थांबलं तर मागे न्या. पोदेराला मी विनंती केली की भोंगा जरा पुढे जाऊन वाजव, आणि जाताना आम्ही त्याच्या मागून चालू. समोरून येणारी वस्तू घोड्याला भिववते, लांब जाणाऱ्या वस्तूच्या मागे तो कुतूहलाने जातो. दूधवाल्याची मोटरसायकल, कदंब बस, खनिजाचे ट्रक, सगळं याच रीतीने. बाहेर उभं असतानाही मान खाजवत राहा, ओळखीचा हात तिथे असू द्या. आणि उन्हातून काळोख्या गोठ्यात नेताना उंबऱ्याशी थांबा. घोड्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो हट्ट करत नसतो, त्याला दिसत नसतं.

फाल्गुनात शिगम्याचे ढोल-ताशे. डिसेंबरात आलेल्या घोड्याला तेवढे महिने मिळतात, ते वापरा. वाड्यावर सराव सुरू झाला की दूरच्या शेतात खरारा करा, आठवड्या-आठवड्याने एकेक बांध जवळ या. मिरवणुकीत मात्र पहिल्या वर्षी नेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री फटाके सुरू होण्याआधी आत बांधा, पुढ्यात भरपूर गवत टाका आणि शेळी जवळ ठेवा.

जूनमध्ये पत्र्यावर कोसळणारा पाऊस कोरड्या मुलखातल्या घोड्याने कधी ऐकलेला नसतो. त्याआधीच एप्रिल-मेमध्ये पाइपने पत्र्यावर थोडं थोडं पाणी सोडून तो आवाज ओळखीचा करा. ताडपत्री आधी जमिनीवर अंथरून हुंगू द्या, मग बांधा. पावसाळ्यात ओल्या अंगावर ब्रश चालवू नका, फडक्याने टिपून, वाळवून मगच. बोटं केसांच्या मुळापर्यंत घाला: पाठीवर खपल्यांचे खडे लागले, केस झुपक्याने निघाले तर ते पावसाने होणारं कातडीचं दुखणं आहे, आणि त्या घोड्याचा ब्रश दुसऱ्याला लावायचा नाही. खुरांच्या तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भाग काळा पडला, त्याला कुजका वास आला तर जमीन ओली राहते आहे. चिखलातून गोठ्यात आल्यावर चारही खूर रोज साफ करा आणि उभं राहायची जागा कोरडी करा.