चार बिंदूंतून शिका मशीन लर्निंगचे गणित

मशीन लर्निंगसाठी रेषीय बीजगणित, कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय वेगवेगळे शिकत बसण्यापेक्षा एकच उदाहरण कागदावर शेवटपर्यंत सोडवावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी न्यूनतम वर्ग पद्धती, म्हणजे त्रुटींच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी रेषा बिंदूंना बसवण्याची पद्धत, निवडावी. धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या निमित्ताने फ्रेंच गणिती लजान्द्र यांनी ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही ती या विषयाचा पाया आहे.

(१, २), (२, ३), (३, ५) आणि (४, ६) हे बिंदू घ्या. पहिल्या निर्देशकांची सरासरी २.५, तर दुसऱ्यांची ४ आहे. सरासरीपासूनच्या विचलनांचे जोडीने गुणाकार करून बेरीज केल्यास ७ येते आणि पहिल्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ५ येते. म्हणून रेषेचा चढ १.४, आणि ती सरासरीच्या बिंदूतून जात असल्याने अंतर्छेद (पहिला निर्देशक शून्य असताना रेषेची उंची) ०.५.

आता प्रत्येक बिंदूपाशी उरलेली त्रुटी (दुसरा निर्देशक वजा रेषेने दिलेले मूल्य) लिहा: ०.१, −०.३, ०.३, −०.१. त्यांची बेरीज शून्य आहे आणि त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ यांनी गुणून केलेली बेरीजही शून्यच आहे. इथे घाई करू नये, कारण त्रुटींचा सदिश (१, १, १, १) आणि (१, २, ३, ४) या दोन्ही सदिशांना लंब आहे, असाच याचा अर्थ होतो. आणि त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे चढ व अंतर्छेद यांच्या सापेक्ष आंशिक विकलन (एका वेळी एकच राशी बदलती धरून विकलन) करून ते शून्य मानल्यावर नेमकी हीच दोन समीकरणे हाती येतात. वर्गच का घ्यायचे, याचे उत्तर संख्याशास्त्र देते: त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र, समान प्रसरणाच्या (सारख्याच विखुरलेल्या) आणि प्रसामान्य (घंटाकृती) वितरणाच्या मानल्या, तर हीच रेषा सर्वाधिक संभाव्य ठरते.

पुढे ग्रेडियंट डिसेंटची, म्हणजे विकलजांच्या उलट दिशेने थोडे थोडे सरकत किमान मूल्य गाठण्याच्या पद्धतीची, पहिली पायरी हाताने करा. चढ आणि अंतर्छेद शून्य धरल्यास वर्गांची बेरीज ७४ असते आणि तिचे आंशिक विकलज −९४ व −३२ येतात. पायरीचा दर (विकलजाला ज्याने गुणून मूल्यातून वजा करायचे तो आकडा) ०.०१ ठेवल्यास नवी मूल्ये ०.९४ व ०.३२ होऊन बेरीज ८.३३ पर्यंत उतरते, दर ०.०५ ठेवल्यास ती ४०४ च्या वर जाते. सुरक्षित मर्यादा द्वितीय विकलजांच्या मॅट्रिक्सवरून ठरते: तिचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य (मॅट्रिक्स ज्या सदिशाची दिशा बदलत नाही, त्याला ती जितक्या पट करते तो आकडा) सुमारे ६६.८ आहे, त्यामुळे दर २ भागिले ६६.८, म्हणजे साधारण ०.०३, यापेक्षा कमी हवा.