इस्ट्रॅडिऑलची चिठ्ठी हातात आल्यावर

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी (उदा. अंगातून गरम वाफा येणे) डॉक्टरांनी इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन गटातील स्त्री-संप्रेरक लिहून दिले असेल, तर औषध घेण्यापूर्वी चिठ्ठीवर दोन गोष्टी नीट पाहाव्यात: ते पोटातून घ्यायचे आहे की कातडीला लावायचे, आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन आहे की नाही. सांगलीत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी असताना मला दिसते की, गैरसमज बहुधा याच दोन ठिकाणी होतात.

गेल्या उन्हाळ्यात तासगावकडच्या एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. चिठ्ठीवर इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेटच्या गोळ्या आणि रात्री घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल होत्या. किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, वाफा थांबवायची तेवढी द्या, दुसरी पुढच्या बाजाराला नेते." मी विचारले, "काकू, गर्भाची पिशवी काढलीय का तुमची?" त्या म्हणाल्या, "न्हाई ओ, हाय की." तेव्हा मी त्यांना बाकड्यावर बसवून सगळे समजावले आणि डॉक्टरांना फोन करून दोन्ही औषधे पंधरा-पंधरा दिवसांची दिली. गर्भाशयाच्या अस्तराला इस्ट्रोजेन वाढण्याचा संदेश देते आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालते. गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन महिनोन्महिने चालू राहिले, तर अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पैशांची अडचण असेल तर दोन्ही औषधे थोड्या दिवसांची न्यावीत. एक घेऊन दुसरे ठेवू नये. प्रोजेस्टेरॉन सहसा रोज रात्री १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातून १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम असे दिले जाते. शरीरात त्यापासून मेंदूला शांत करणारा एक पदार्थ तयार होतो व गुंगी येते, म्हणून ते झोपतानाच घ्यावे. झोप उडालेल्या बाईला ही गुंगी उलट बरी वाटते, असा माझा अनुभव आहे.

इस्ट्रॅडिऑलला नैसर्गिक म्हणतात, याचा अर्थ ते झाडपाल्याचे औषध आहे असा नाही. ते कारखान्यातच तयार होते, परंतु त्याचा रेणू अंडाशयात तयार होणाऱ्या संप्रेरकाशी तंतोतंत जुळतो. व्हॅलरेटची गोळी पोटात गेल्यावर तिच्यापासून हेच इस्ट्रॅडिऑल सुटे होते. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये बहुधा इथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. ते कृत्रिम असून यकृतात सहजासहजी मोडत नाही आणि अगदी थोड्या मात्रेतही प्रभावी ठरते. सणासुदीला पाळी पुढे ढकलण्याची गोळी तर वेगळ्याच गटातली. त्यामुळे घरात उरलेली किंवा जावेने दिलेली गोळी वाफांसाठी घेऊ नये.

आता वाट कोणती, हा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवे. गिळलेली गोळी आतड्यांतून आधी यकृतात जाते. तिथे आणि आतड्यांच्या भिंतीतच तिचे मोठ्या प्रमाणावर इस्ट्रोन या सौम्य संप्रेरकात रूपांतर होते आणि मूळ इस्ट्रॅडिऑलपैकी सुमारे ५ टक्केच रक्तात पोहोचते. या पहिल्या फेरीत यकृताला इस्ट्रोजेनचा मोठा डोस एकदम मिळतो, आणि ते रक्त गोठवणारे घटक तसेच थायरॉइडचे संप्रेरक बांधून ठेवणारे प्रथिन जास्त तयार करू लागते. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात उतरतो, यकृतावरची ही पहिली धडक टळते, आणि म्हणूनच नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीच्या तुलनेत कमी दिसतो. वजन जास्त असेल, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) वाढलेले असतील किंवा घरात कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर "मला जेल चालेल का?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे.

जेल अंघोळीनंतर, कोरड्या कातडीवर, दंडाच्या बाहेरील बाजूस किंवा मांडीवर पातळ पसरावे. स्तनांवर लावू नये. पाचेक मिनिटे वाळू द्यावे, मग अंगावर कपडा घ्यावा, हात साबणाने धुवावेत आणि किमान तासभर ती जागा भिजवू नये. द्राक्षबागेत किंवा उसाच्या रानात दिवसभर घामाघूम होणाऱ्या बाईने ते संध्याकाळी घरी आल्यावर लावलेले बरे. नातवंडांना कडेवर घेण्यापूर्वी ती जागा झाकलेली असावी, कारण हे औषध स्पर्शाने लहान मुलांच्या अंगात जाऊ शकते.

फक्त योनीचा कोरडेपणा, जळजळ किंवा वारंवार लघवीचा संसर्ग एवढाच त्रास असेल, तर योनीत लावायचे इस्ट्रिऑलचे (एक सौम्य इस्ट्रोजेन) मलम पुरते. ते सुरुवातीला दोन-तीन आठवडे रोज व नंतर आठवड्यातून दोनदा वापरतात, आणि रक्तात फारच थोडे जात असल्याने सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही.

वाफा दोन ते चार आठवड्यांत कमी होऊ लागतात. पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात, तेव्हा आठ दिवसांत औषध सोडू नये. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन, फिट्सचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर ते सांगावे, कारण ही औषधे इस्ट्रॅडिऑल लवकर मोडून टाकतात. स्तनांचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, गुठळी, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे उपचार सुरूच करू नयेत. सुरुवातीचे काही महिने थोडे डाग पडू शकतात. मात्र जास्त किंवा सहा महिन्यांनंतरही रक्तस्राव झाला, तर सोनोग्राफी टाळू नये. एका पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कर्करोगाच्या भीतीने अनेकजणी चिठ्ठी घडी घालून ठेवतात. ही भीती प्रामुख्याने २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर पसरली. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांना घोडीच्या मूत्रापासून मिळवलेले इस्ट्रोजेन व एक कृत्रिम प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) दिले होते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन असा जोड-उपचार वर्षानुवर्षे चालला तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, हे खरेच आहे आणि ते लपवू नये. परंतु साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये लाभाचे पारडे जड असते.

आमच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या कित्येकींची पिशवी तिशी-पस्तिशीतच काढलेली असते. बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. अशा वेळी पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले होते का, हे कळणे फार महत्त्वाचे असते, कारण काढले असतील तर हाडे आणि हृदय जपण्यासाठी, दुसरी अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा सल्ला दिला जातो. नुसते "पिशवी काढली" एवढ्यावरून हे समजत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या पेटीतून शोधून काढावे आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावे.