डोंगरावर झाडे लावताय? या चुका टाळा

पाऊस लागला की मुंबईतून कर्जत-कसाऱ्याकडे झाडे लावायला गट निघतात. हेतू चांगलाच, पैसा मात्र बहुतेकदा हिशेबातच बुडतो. खर्च लावलेल्या रोपांवर मोजतात, हवेतला कार्बन साठतो तो जगलेल्या झाडांत. समजा, 1,000 रोपांना 1 लाख रुपये लागले आणि तीन उन्हाळ्यांनंतर 300 उरली, तर एक झाड 333 रुपयांना पडले. राखणीवर आणखी 50 हजार घालून 800 जगवली, तर तेच 188 रुपयांना पडते. म्हणून निधी मागतानाच तण काढणे, नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे) आणि राखणदाराची मजुरी धरा.

श्रावणात तरारलेली रोपे मार्चमध्ये काळी पडलेली दिसतात, ती वणव्याने. दिवाळीनंतर गवत वाळू लागताच जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा. शेंडे खुडलेले दिसले तर गुरे फिरली आहेत. तिथे कुंपणाआधी गावाशी बोला. चराईबंदी कुठे आणि किती वर्षे, हे गावाने ठरवले तरच टिकते.

कातळसड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ सपाटीवर, खड्डे अजिबात खणू नका. तिथे माती जेमतेम बोटभर असते, झाड खुरटते आणि कासच्या पठारासारखी पावसाळी फुलांची जागा मोडते. गवताळ माळाचा कार्बन बहुतांश मुळांत आणि मातीत असतो. माती उकरली की त्यातला काही हवेत जातो.

अहवालात आणखी एक घोळ होतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो आणि 1 किलो कार्बन म्हणजे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडचा आकडा कार्बनचा म्हणून मांडला की दावा जवळजवळ चौपट फुगतो. आज लावलेल्या रोपाच्या नावावर पूर्ण वाढलेल्या झाडाचा कार्बन मांडणे तर सरळ चूक.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे उतारावर आधीच काय जिवंत आहे, ते न पाहणे. सह्याद्रीत राबासाठी (भाताची रोपे वाढवायच्या जागेवर फांद्या जाळण्यासाठी), सरपणासाठी तोडलेल्या ऐन, किंजळ, जांभळाची खोडे अनेकदा मेलेली नसतात. खाली जुनी, खोल मुळे असतात आणि खोडातून नवे कोंब, म्हणजे फुटवे, येतात. तिथे ना रोप विकत घ्यावे लागते, ना खड्डा खणावा लागतो, आणि फुटवा नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतो. तरीही अशीच जागा साफ करून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली पाहिली की जीव तुटतो. आधी उन्हाळ्यात एकदा उतार चालून खोडे मोजा. दर खोडाला जोमदार दोन फुटवे ठेवा, बाकीचे विरळा आणि वाचलेला पैसा आग-गुरांपासूनच्या राखणीला द्या. रोपे फक्त मोकळ्या राहिलेल्या जागी लावा, तीही त्याच डोंगराच्या बियांची.