आगोटीच्या कामांत छप्पर पहिलं: कोकणातल्या घराची वादळाआधीची तयारी

आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, म्हटली की कोकणात लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मसाला, कडधान्यं यांची बेगमी आधी आठवते. पण छप्पर गेलं तर ही सगळी बेगमी तासाभरात भिजून जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. दक्षिण रायगड, मंडणगड, दापोली इथे पत्रे-कौलं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि बऱ्याच गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. म्हणून हातात असलेला पैसा आणि वेळ आधी दोन गोष्टींवर लावा: छप्पर जागेवर राहणं, आणि वीज नसताना दोन आठवडे पाण्याची सोय. इन्व्हर्टर, सोलर दिवे यांचा नंबर त्यानंतर.

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन खेपांना येतात. तौक्ते मे २०२१ मधलं, फयान नोव्हेंबर २००९ मधलं. छपराचं काम एप्रिलमध्येच उरका. इशारा आल्यावर सुतार मिळत नाही, वेल्डर मिळत नाही, आणि सुटलेल्या वाऱ्यात छपरावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

पत्रा उडतो कसा

वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर खेचतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ४८ किलो भरतो. १० फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा, म्हणजे एकेका पत्र्याला दीडशे किलोच्या आसपास ओढ बसते. वाऱ्याचा वेग दीडपट झाला तर हा जोर सव्वादोनपट होतो. पागोळीची (खालची) कड, आढ्याची (माथ्याची) कड आणि दोन्ही बाजूंच्या टोकांना ओढ याहूनही जास्त, त्यामुळे पत्रा कोपऱ्यापासूनच सुटायला लागतो. वाऱ्याच्या बाजूचं दार किंवा खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. वरून ओढ, खालून रेटा, आणि छप्पर अख्खंच्या अख्खं जातं.

यावर पत्र्यावर दोन-चार चिरे किंवा जुने टायर ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. त्या वजनाने काही साधत नाही, आणि पत्रा उचलला गेला की तोच चिरा कुणाच्या तरी डोक्यात बसतो. चिरे आजच उतरवा.

रंगीत पत्र्याला रबरी वायसरचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू असतात. ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेले हवेत, खळग्यात मारले तर पाणी गळतं आणि तिथूनच गंज धरतो. मधल्या ओळींत एक उंचवटा सोडून एक चालतो. पागोळी, आढं आणि दोन्ही टोकांच्या ओळींना मात्र प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. खाऱ्या हवेत स्क्रूची डोकी गंजतात, उन्हाने रबर तडकतं. दर एप्रिलला एकेक स्क्रू हाताने हलवून पाहा; हलला, किंवा भोक लांबट झालेलं दिसलं, तर तो काढून एका नंबरने जाड स्क्रू बसवा. त्याच भोकात तोच स्क्रू पुन्हा पिळून उपयोग नाही.

सिमेंटच्या पत्र्याला ८ मिलिमीटरचे जस्ताचा मुलामा दिलेले जे-हूक लागतात. भोक ड्रिलनेच पाडा आणि हुकापेक्षा २ मिलिमीटर मोठं ठेवा. खिळा ठोकून पाडलेल्या भोकाभोवती बारीक तडे जातात आणि वादळात पत्रा तिथेच फुटतो. नट वायसर दाबला जाईल इतपतच आवळा.

स्क्रू पक्के असूनही पाइपांच्या सांगाड्यासकट छप्पर उडालेली घरं पुष्कळ आहेत. कारण जोड फक्त पत्र्याचा होता, खालचा नव्हता. पत्रा पाइपाला, पाइप वाशाला, वासा भिंतीला, अशी ही साखळी सलग असावी लागते. जुन्या चिऱ्याच्या घरात वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, त्यांना धरून ठेवतं ते त्यांचं वजनच. एका वाशाआड एका वाशाला तरी बांधणी द्या: वरून चिऱ्याचे तीन-चार थर सोडून भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यातून ६ मिलिमीटरची सळी घालून वाशावरून वळवायची, दोन्ही टोकं एकमेकांना पक्की वेल्ड करायची आणि भोक सिमेंटने भरायचं. वेल्डिंगवर लगेच गंजरोधक रंग लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो जोड खाऊन जातो.

पडवीचं छप्पर घराच्या मुख्य छपराला जोडून पुढे लांबवू नका. ते वेगळ्या खांबांवर स्वतंत्र ठेवलं, तर पडवी गेली तरी माजघर झाकलेलं राहतं.

मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला रिपेत अडकणाऱ्या नाकाला बारीक भोक असतं. ते तार ओवण्यासाठीच ठेवलेलं आहे. पागोळीच्या दोन ओळी, आढ्याजवळची ओळ आणि दोन्ही टोकांची कौलं तांब्याच्या किंवा जस्ती तारेने रिपेला बांधा. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्यात किंवा सिमेंटात घट्ट बसवलेले हवेत. पन्नासेक कौलं जादा ठेवा, वादळानंतर ती पैसे देऊनही मिळत नाहीत.

दारं, खिडक्या, परसू

दोन फळ्यांच्या दाराला आतून आडणा (आडवा दांडा) हवाच, नुसत्या कडीचे खिळे झोतात उपटतात. काचेवर चिकटपट्टी चिकटवण्याने काच वाचत नाही. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी १० सेंटीमीटर मोठा, १२ मिलिमीटर जाडीचा प्लाय आधीच कापून ठेवा, कोणत्या खिडकीचा तो नंबर टाका आणि वेळ आली की फुटाफुटावर स्क्रूने बसवा.

घरावर झुकलेल्या फांद्या, सुक्या झावळ्या आणि तयार नारळ मे महिन्यात उतरवून घ्या. प्लास्टिकची पाण्याची टाकी भरून ठेवा: १००० लिटरची भरलेली टाकी एक टनाची होते, रिकामी मात्र पतंगासारखी उडते. गुरांना दावणीला बांधून ठेवू नका. गोठा कोसळला किंवा पाणी चढलं तर बांधलेलं जनावर हमखास जातं, मोकळं सोडलेलं बरेचदा वाचतं.

पाणी आणि वीज

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. पाच माणसांच्या घराला आठवड्याला १४० लिटर, म्हणजे २० लिटरचे सात कॅन. पुढच्या आठवड्यासाठी विहीर आहे, पण वीज गेली की पंप बंद, आणि आता कित्येक घरांतून रहाट आणि पोहरा दोन्ही गेलेत. विहिरीच्या तळापर्यंत पोचेल एवढा दोर आणि एक पोहरा घरात असलाच पाहिजे.

विहिरीत पावसाचं गढूळ पाणी उतरलं तर ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दर १००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. लिटरचा हिशोब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४,००० लिटर, त्याला ३५ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडा आणि तासभर थांबा. पावडर जुनी असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, म्हणून ग्रामपंचायतीतून ताजी आणा. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर टीसीएलने खारटपणा जात नाही. अशा विहिरीचा उपसाच करावा लागतो.

जनरेटर लावणार असाल तर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. त्याचा विषारी धूर वासावरून कळत नाही. चेंजओव्हर स्विचशिवाय (घराची जोडणी लाइनीवरून जनरेटरवर वळवणारा स्विच) तो घराच्या बोर्डाला जोडलात तर वीज उलटी लाइनीत जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

इशारा आल्यावर

हवामान खात्याचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी येतो, नारिंगी २४ तास आधी. पिवळ्याला प्लाय, पाणी, औषधं, रोख पैसे आणि फोनचं चार्जिंग उरका. नारिंगी लागल्यावर छपराला हात लावू नका. नकाशावर वादळाची मधली रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे ते पश्चिमेकडून येऊन जिथे जमिनीला लागतं त्याच्या दक्षिणेकडच्या गावांवर वारा समुद्राकडून येतो आणि उधाण तिथेच जास्त चढतं.

घर कच्चं असेल, किंवा खाडी-समुद्राच्या काठी असेल, तर उजेड असतानाच स्लॅबच्या शाळेत किंवा निवारा केंद्रात जा. घरी राहणार असाल तर मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करून मधल्या खोलीत बसा. वारा एकदम पडला तर वादळ संपलं असं धरू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि तो सरकला की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४, विजेची तक्रार १९१२. हे कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण फोन बंद पडतोच.

वादळानंतर

वादळ सरल्यावरही माणसं दगावतात, ती बहुतेक छपरावरून पडून आणि पडलेल्या तारांनी. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, खालच्या पाइपांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. पडलेली तार मेलेली दिसली तरी जिवंत समजा.

पंचनाम्याआधी पडझड उचलू नका. उचलावीच लागली तर आधी लांबून अख्खं घर आणि मग जवळून प्रत्येक नुकसान, असे फोटो काढा. सातबारा, घरपट्टीची पावती, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या असल्या की तलाठ्याचं काम अडत नाही. बागेत पडलेली झाडं जातीनुसार मोजून लिहून ठेवा, सुपारी वेगळी, नारळ वेगळा, आंबा वेगळा. झाड तोडून नेल्यावर तो आकडा सिद्ध करता येत नाही.