तिथी पाहून किनारा निवडा

कोकणात सहलीला गेल्यावर ऐन भरतीच्या वेळी किनाऱ्यावर पोहोचल्यामुळे हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची पायवाट पाण्याखाली गेलेली आढळते आणि दिवस वाया जातो. हे टाळण्यासाठी घरातली दिनदर्शिका पुरेशी आहे.

१. प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. ती दिवसातून दोनदा येते.
२. त्यात सुमारे सहा तास मिळवले की ओहोटीची वेळ मिळते.

उदाहरणार्थ, चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास असते. त्या सकाळी हरिहरेश्वरचा लाटांनी कोरलेला काळा कातळ निवांत पाहता येतो. हेदवीच्या बामणघळीचे मात्र उलट आहे: कातळाच्या चिंचोळ्या भेगेतून उसळणारे पाणी भरतीलाच पाहावे, आणि तेही कडेपासून दूर उभे राहून. गुहागरसारख्या लांब पुळणीवर फिरायला ओहोटीची वेळ मला सर्वांत आवडते, कारण तेव्हा चालायला ओली, घट्ट वाळू मिळते.

या हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना वेळ विचारावी आणि कातळावरून किंवा किल्ल्यातून पाणी चढू लागण्यापूर्वीच परतावे. पावसाळ्यात तर उधाणाच्या दिवशी कातळावर पाऊलही ठेवू नये.